अकरा नंबरचा आंबा

जमैकात एका आंब्याचे नाव 'नंबर इलेव्हन' आहे. म्हणजे अकरा नंबर. हापूस, पायरी, केसर, लंगडा अशी नावे तोंडात बसलेल्या आपल्या लोकांना हे नाव फार रुक्ष वाटेल. आमच्या हजेरीपटावरही अकरा नंबर असतो, पण त्या नंबरापुढे मुलाचे नाव असते, वडिलांचे नाव असते, आडनाव असते. नंबर ही फक्त सोय. या आंब्याला मात्र नंबर हेच नाव म्हणून चिकटले आणि दोन शतके उलटून गेली तरी निघाले नाही. हे कसे झाले ते कळले की जमैकातल्या घराघरांच्या परसात उभा असलेला आंबा कळतो, आणि जाता जाता आपला रायवळही थोडा अधिक कळतो.

जमैका हे कॅरिबियन समुद्रातले बेट. क्षेत्रफळ सुमारे ११ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्याहून साधारण तिसऱ्या हिश्श्याने मोठे. आंबा हे तिथले मूळचे झाड नव्हे. तो तिथे आला लढाईच्या लुटीतून. १७८२ साली इंग्रज आणि फ्रेंच यांचे आरमारी युद्ध चालू होते. हिंदी महासागरातल्या फ्रेंच बेटांवरून निघालेले एक फ्रेंच जहाज सेंट डोमिंगकडे, म्हणजे आजच्या हैतीकडे चालले होते. इंग्रज आरमारप्रमुख लॉर्ड रॉडनी यांच्या ताफ्यातल्या कॅप्टन मार्शल यांनी ते वाटेत पकडले. जहाजात तोफा आणि दारूगोळ्याऐवजी मिळाली रोपे. त्यांत दालचिनी होती आणि आंबाही होता. फ्रेंचांनी रोपांना क्रमांक दिलेले होते. ही रोपे जमैकात आणून किंग्स्टनच्या वरच्या डोंगरउतारावर, गॉर्डन टाउनजवळ, हिंटन ईस्ट नावाच्या बड्या सरकारी अधिकाऱ्याच्या खासगी बागेत लावली. अकरा क्रमांकाचा आंबा तिथे रुजला, फळला, आणि लोक त्याला अकरा नंबर म्हणू लागले.

इथवर ही गोष्ट गमतीची आहे. पण त्याच वर्षांत त्या बेटावर काय चालले होते ते पाहिले की गंमत उरत नाही. जमैका तेव्हा उसाच्या मळ्यांचे बेट होते आणि मळ्यांवर राबत होते आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम. त्यांचे अन्न दोन वाटांनी येत असे: डोंगरउतारावरच्या तुकड्यांत त्यांनी स्वतः पिकवलेले कंद, आणि उत्तर अमेरिकेतून जहाजाने येणारे धान्य व खारवलेले मासे. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाने दुसरी वाट बंद झाली. ऑक्टोबर १७८० मध्ये भयंकर चक्रीवादळ आले आणि त्यानंतरच्या वर्षांतही वादळे येतच राहिली, त्यांनी पहिली वाट मोडली. १७८० ते १७८७ या काळात सुमारे १५ हजार गुलाम उपासमारीने आणि तिच्या मागून आलेल्या आजारांनी मेले, असे जमैकाच्या त्या वेळच्या विधिमंडळाच्या अहवालातच नोंदलेले आहे. पुढे १७९३ मध्ये कॅप्टन ब्लाय यांनी ब्रेडफ्रूटची, म्हणजे आपल्या विलायती फणसाची, रोपे खास गुलामांच्या पोटासाठी म्हणून तिथे आणली. आंबा मात्र कोणी गरिबांसाठी आणला नव्हता. तो एका श्रीमंताच्या बागेतले नवल होता.

पण आंब्याला कुंपण घालता येत नाही. खाणारा बाठा फेकतो, आणि बाठा जिथे पडेल तिथे उगवतो. काही दशकांतच रस्त्यांच्या कडेला, ओढ्यांच्या काठी, गुलामांच्या झोपड्यांमागे आंब्याची झाडे दिसू लागली. १८३८ मध्ये गुलामगिरी पूर्णपणे संपली. मजूर मळे सोडून गेले, डोंगरातले कॉफीचे कितीतरी मळे ओस पडले आणि तिथे आंब्याने हातपाय पसरले. स्वतःच्या नावावर पहिल्यांदाच जमिनीचा तुकडा आलेल्या माणसाच्या अंगणात सावली, फळ आणि सरपण देणारे झाड आले, तेही फुकट.

आता यातली खरी मेख सांगते. आपल्याकडे हापूसचा बाठा पेरला तर हापूस येत नाही, हे लहान मुलालाही ठाऊक असते. येतो तो रायवळ. कधी गोड, कधी आंबट, कधी नुसते दोरेच. कारण हापूसच्या बाठ्यात एकच गर्भ असतो आणि तो परागीकरणातून झालेला, म्हणजे आईसोबत बापाचेही गुण घेऊन आलेला असतो. म्हणून हापूस टिकवायचा तर कलमच करावे लागते. आंब्याच्या काही जातींचे मात्र तसे नाही. त्यांच्या एका बाठ्यात अनेक गर्भ असतात, आणि त्यांतले बहुतेक परागीकरणाशिवाय, थेट आईच्या पेशींतून तयार झालेले असतात. असा बाठा पेरला की एकातून तीन-चार कोंब निघतात आणि त्यांतले जोमदार कोंब हुबेहूब आईसारखे होतात. कलम नको, नर्सरी नको, पैसा नको. आग्नेय आशियातले पुष्कळ आंबे असे आहेत, आपल्या पश्चिम किनाऱ्यावर केरळ-कर्नाटकाकडेही अशा काही जाती आहेत. जमैकाचा अकरा नंबर याच गोत्रातला.

म्हणून तो अकरा नंबर राहिला. ज्याच्याकडे चाकू नव्हता, कलमाची काडी नव्हती, माळी नव्हता, त्यानेही बाठा पुरला आणि त्याला तेच फळ मिळाले जे बड्या साहेबाच्या बागेत लागत होते. माझ्या मते जमैकाच्या आंब्याच्या सगळ्या इतिहासात याहून मोठी गोष्ट दुसरी नाही. तिथल्या एका जुन्या लोकगीतातला सगळा तंटाच या आंब्यावरून आहे: आमराईत घुसून अकरा नंबर चोरल्याचा आळ, आणि ज्याच्यावर आळ आला त्याचा कानावर हात.

नावाचे आंबे आले ते पुढे. सर जॉन पीटर ग्रँट हे १८६६ ते १८७४ या काळात जमैकाचे गव्हर्नर होते. त्याआधी ते बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर राहिलेले, त्यामुळे हिंदुस्थानी आंब्याची चव त्यांना चांगली ठाऊक. त्यांच्या कारकिर्दीत मुंबईकडून कलमी आंब्याची रोपे मागवून सरकारी बागांत लावली गेली. आज जमैकात सर्वांत मानाचा जो आंबा समजतात त्याचे नाव 'बॉम्बे' आहे. मुंबईत 'बॉम्बे' नावाचा आंबा मागितला तर फळवाला तुमच्याकडे बघतच राहील, पण किंग्स्टनच्या बाजारात ते नाव उच्चारताच भाव चढतो.

हा बॉम्बे पिकला तरी बाहेरून बराचसा हिरवाच राहतो. रंगावर जाऊन चालत नाही, हातात घेऊन आणि हुंगून ओळखावा लागतो. खायची पद्धत तर फारच आवडण्यासारखी आहे. फळाच्या कमरेभोवती सुरी बाठ्यापर्यंत टेकवून गोल फिरवायची, मग वरचा आणि खालचा अर्धा दोन हातांत धरून उलट दिशांना पिळायचे. गर बाठ्यापासून सुटतो, बाठा अलगद उचलला जातो आणि हातात उरतात दोन वाट्या. चमच्याने खायच्या. गराला दोरा नाही. पाहुण्यांपुढे ठेवायला याहून नेटका आंबा नसेल. आपल्या पायरीवर हा प्रयोग करू नका, नुसता रस कोपरापर्यंत ओघळेल.

दुसरा लाडका म्हणजे 'ज्युली'. जमैकात त्याला सेंट ज्युलियन असेही म्हणतात, त्रिनिदादपासून ग्रेनाडापर्यंत सगळ्या कॅरिबियन बेटांवर तो आहे. फळ लहान, दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखे चपटे, गर दाट आणि गोड. पण परसवाल्यांचा त्याच्यावर जीव आहे तो झाडामुळे. झाड ठेंगणे आणि सावकाश वाढणारे. शहरातल्या चिमुकल्या अंगणातही मावते, मोठ्या पिंपातही लावतात. बीपासून मात्र ज्युली मिळत नाही, कलमच हवे.

तिसरा 'ईस्ट इंडियन'. या नावाचा अर्थ नीट समजून घ्यावा. वेस्ट इंडीजमध्ये आपल्या लोकांना नुसते इंडियन म्हटले तर घोटाळा होतो, म्हणून ईस्ट इंडियन म्हणतात. १० मे १८४५ रोजी ब्लंडेल हंटर नावाचे जहाज २६१ हिंदी मजूर घेऊन जमैकाच्या ओल्ड हार्बर बे बंदरात लागले. पुढच्या सत्तर वर्षांत करारावर बांधलेले सुमारे ३६ हजार लोक तिथे गेले, बहुतेक संयुक्त प्रांत आणि बिहारकडचे, हिंदू आणि मुसलमान दोन्ही. गुलामांनी सोडलेले मळे त्यांनी कसले. त्यांतले बरेचसे परत आलेच नाहीत, आणि १० मे हा दिवस आज जमैकात भारतीय वारशाचा दिवस म्हणून पाळला जातो. आंब्याचे नाव तेच आहे जे या लोकांचे. फळ मोठे, रसाळ, वासाने घर भरून टाकणारे. झाडही मोठे होते. जमैकातले आंबा खाणारे बॉम्बे श्रेष्ठ की ईस्ट इंडियन यावर आपल्या हापूस-केसरवाल्यांइतक्याच जोराने भांडतात.

बाकी परसातली गर्दी म्हणजे ब्लॅकी, रॉबिन, मिली, हेअरी, स्ट्रिंगी. हेअरी म्हणजे केसाळ. त्याचे दोरे दातांत असे अडकतात की खाऊन झाल्यावर काडी शोधावी लागते, तरी पोरे झाडाखालून हलत नाहीत. एका जातीचे नाव तर 'स्वीटी कम ब्रश मी' असे आहे. कैरीला मीठ लावून खाणे तिथेही चालते. आणि मे ते जुलै या भर हंगामात पातेले उपडे घालायचे असे म्हणायची रीत आहे, म्हणजे या दिवसांत चूल पेटवायची गरजच नाही, पोट आंब्यावर भरते. आपल्याकडेही वाडीतल्या घरांत रायवळाच्या दिवसांत दुपारचे जेवण भात आणि बिटक्यांच्या सासवावर निभावते, ते आठवले.

आता परसात लावण्याविषयी. जमैकाचा अनुभव आणि आपला अनुभव यांत बरेच साम्य आहे, कारण हवामानाची मांडणी सारखी आहे: कोरडा हंगाम आणि ओला हंगाम. तिथे डिसेंबर ते मार्च कोरडे दिवस, त्यातच मोहोर येतो. बेटाच्या ईशान्येला पोर्टलंड भाग आहे, तिथे ब्लू माउंटन डोंगरांवर वारे अडतात आणि वर्षभर धो-धो पाऊस पडतो. त्या डोंगरांच्या पलीकडे, दक्षिणेकडे, किंग्स्टन, सेंट कॅथरिन, क्लॅरेंडन हा पट्टा कोरडा. चांगला आंबा याच पट्ट्यात होतो. पोर्टलंडमध्येही झाड वाढते, अगदी हिरवेगार वाढते, पण मोहोरावर पाऊस आला की करपा पडतो आणि सगळे काळे होऊन गळते. ज्युली या रोगाला फार लवकर बळी पडते. म्हणून ओल्या भागात ज्युली लावायची तर झाड आतून मोकळे ठेवतात, वाळलेल्या काड्या काढून टाकतात आणि मोहोराच्या वेळी ताम्रयुक्त बुरशीनाशक फवारतात. शेजाऱ्याकडे छान लागते म्हणून आपल्याकडेही लागेल, असे आंब्याच्या बाबतीत गृहीत धरू नये. आपल्या अंगणात जानेवारी-फेब्रुवारीत हवा कशी असते, ते आधी पाहावे.

जागा दिवसभर उन्हाची आणि पाणी न साचणारी हवी. चिकणमाती असेल तर खड्ड्यात न लावता मातीचा उंचवटा करून त्यावर लावावे. अकरा नंबर किंवा ईस्ट इंडियनसारखे मोठे झाड घराच्या भिंतीपासून आणि विजेच्या तारांपासून तीसेक फूट दूर हवे. ज्युलीला बारा-पंधरा फूट पुरतात. कलमाचा जोड मातीच्या वर राहिला पाहिजे. कलमाला पहिल्या वर्षीच मोहोर येतो आणि घरातली सगळी मंडळी खूश होतात, पण तो खुडावा. पहिली दोन वर्षे झाडाला अंग धरू द्यावे.

सर्वांत महत्त्वाचे काम छाटणीचे, आणि घरोघरी टाळले जाते तेही तेच. रोप कमरेएवढे झाले की शेंडा कापायचा. त्याला हात लावायला जीव होत नाही, पण त्यामुळेच तीन-चार फांद्या फुटतात. त्या हातभर वाढल्या की पुन्हा त्यांचे शेंडे. पुढे दर वर्षी फळ उतरवल्यावर लगेच छाटणी करायची. उशिरा केली तर नवी पालवी मोहोराच्या वेळेपर्यंत जून होत नाही आणि ते वर्ष वाया जाते. जमैकात याला आणखी एक कारण आहे, ते म्हणजे वादळ. सप्टेंबर १९८८ मध्ये गिल्बर्ट आणि जुलै २०२४ मध्ये बेरिल या चक्रीवादळांनी तिथली झाडे झोपवली. बेरिल तर आंब्याच्या हंगामातच आले. उंच, डोईजड झाड आधी पडते आणि पडते ते छपरावर. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर मुरूड, श्रीवर्धन, दापोली, मंडणगड इकडच्या लोकांना हे मी सांगायला नको.

परसात तीन-चार फुटांचीही जागा नसेल तर आपल्याकडे ज्युलीच्या जागी आम्रपाली आहे. दशहरी आणि नीलम यांच्या संकरातून दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेने काढलेली ही जात ठेंगणी आहे. मोठ्या पिंपात, गच्चीवर, उन्हात ती लागते. पिंपाला तळाशी भोके हवीत, आणि पाणी रोज घालण्याऐवजी माती चाचपून घालावे.

फळमाशीचे दुखणे दोन्हीकडे आहे, पण माशी वेगळी. आपल्याकडची माशी मिथाइल युजेनॉलच्या सापळ्यात येते, कॅरिबियनमधली त्याकडे ढुंकूनही पाहत नाही. तिला प्रथिनांचे आंबवलेले आमिष लागते. उपाय मात्र एक समान आहे आणि बिनखर्चाचा आहे: पडलेले फळ संध्याकाळपर्यंत झाडाखाली ठेवायचे नाही. गोळा करून खोल पुरावे किंवा काळ्या पिशवीत बांधून उन्हात टाकावे. हे काम मुलांना द्यावे, ती आनंदाने करतात.

या माशीपायीच जमैकाच्या आंब्याला अमेरिकेचे दार वर्षानुवर्षे बंद होते. ते २०१९ मध्ये उघडले, फळावर किरणांची प्रक्रिया करण्याच्या अटीवर. आपला आंबा याच अटीवर २००७ मध्ये अमेरिकेत गेला, तेव्हा ती प्रक्रिया नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावला होत असे. त्या व्यापारात जातात ते नावाचे, रंगाचे, पेटीत शोभणारे आंबे. अकरा नंबरला पेटीत कोणी विचारत नाही. किंग्स्टनमध्ये घराशेजारी गाडीसाठी फरशी घालायची झाली की आधी त्याच्यावरच कुऱ्हाड येते. आपल्याकडे रायवळाचे तेच चालले आहे. वडिलोपार्जित जागेच्या वाटण्या झाल्या की पहिल्यांदा हिशेब होतो तो आवारातल्या जुन्या रायवळाच्या लाकडाचा. साखऱ्या, शेप्या, खोबऱ्या, गोटी अशी नावे असलेली ती झाडे एकेका घराचीच असतात, दुसरीकडे कुठेही नसतात. कापलेला हापूस नर्सरीतून पुन्हा आणता येतो. शेप्या कापला तर तो संपला.

त्याचा बाठा लावून तो परत मिळणार नाही, कारण आपला रायवळ बहुतेक एकगर्भी आहे. तेव्हा झाड उभे आहे तोवरच त्याची काडी घेऊन कोय कलम करून ठेवावे. बाठा कोणत्याही रायवळाचा चालतो, पण ताजा हवा. फळ खाल्ल्यावर धुऊन सावलीत ठेवावा आणि आठवड्याच्या आत पिशवीत लावावा, उन्हात सुकला की कोंब मरतो. वरचे कवच कात्रीने अलगद कापून काढले तर लवकर रुजतो. कोंब तांबूस आणि कोवळा आहे तोवरच, साधारण दोन आठवड्यांच्या आत, कलम बांधायचे असते. काडी पेन्सिलीइतकी जाड, तीन-चार महिन्यांची, टोकाचा डोळा फुगलेला पण न उघडलेला अशी घ्यावी, आणि तिची पाने आठ-दहा दिवस आधी झाडावरच देठ ठेवून कापून टाकावीत. जोड प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधून वर पारदर्शक पिशवीची टोपी घालावी. जुलै-ऑगस्टची दमट हवा याला सर्वांत चांगली. पाच बांधली तर त्यांतली दोन-तीन धरतात.